‘लक्ष देऊ नकोस’ हे आपण कोणाला सांगतो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याची आठवण आपल्या वृत्तपत्रातून निघते आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, वंशभेदाच्या निर्मूलनासाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या दिवसाची दोन-चार ओळींची बातमी आतल्या पानावर येते. १९६० साली त्या तारखेला दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे, काळ्या माणसांना सतत ओळखीचा पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली गेली, एवढे त्या बातमीत असते. शिक्षिका म्हणून काढलेल्या सगळ्या वर्षांत मी ती माहिती फळ्यावरच्या दिनविशेषात लिहीत आले आणि लिहून झाल्यावर हाताचा खडू झटकून पुढच्या तासाला लागत आले. वर्णद्वेष ही दूरच्या देशांतील गोऱ्या लोकांची व्याधी आहे, असा माझा समज होता. तो समज गेल्या दिवाळीत माझ्याच गावच्या आठवडी बाजारात मोडला, आणि त्याबद्दल मला आपल्या वाचकांशी बोलायचे आहे.

माझी धाकटी मुलगी पुण्यात शिकते. तिच्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण अरुणाचल प्रदेशातली आहे. दिवाळीच्या सुट्टीत इतक्या लांब घरी जाऊन परत येणे तिला जमण्यासारखे नव्हते, म्हणून मुलगी तिला आमच्याकडे घेऊन आली. आमचे गाव केळापूर तालुक्यातले. कापसाची वेचणी चालू होती, ओसरीत कापसाचा ढीग पडला होता, आणि त्या मुलीला त्याचे इतके अप्रूप वाटले की दुसऱ्याच दिवशी ती कमरेला फडके बांधून माझ्या जावेसोबत वावरात गेली आणि बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडून घेऊन हसत परत आली. तिचे आणि आमचे बोलणे हिंदीत होत असे. अरुणाचलात वेगवेगळ्या जमातींची माणसे एकमेकांशी पुष्कळदा हिंदीतच बोलतात, हे मला तेव्हा कळले. हे मी आवर्जून सांगते, कारण बाजारात तिच्यावर जे फेकले गेले त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तिला समजत होता.

दिवाळीआधीच्या बाजाराला आम्ही तिघी गेलो होतो. भाजीची ओळ संपते तिथे, फुटाण्याच्या दुकानापाशी, पाच-सहा पोरे मोटारसायकलींवर बसलेली होती. आधी ‘चायना’ अशी हाक आली, मग ‘कोरोना आला रे’, मग बोटांनी डोळ्यांच्या कडा ओढून दाखवणे झाले, आणि शेवटी एक प्रश्न आला, जो मी या पत्रात लिहू शकत नाही. त्यात त्या मुलीची किंमत विचारलेली होती. फुटाणेवाला हसला. पलीकडे चपला पाहत असलेले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना गावात सगळे मान देतात, तेही हसले आणि ‘नेपाळची असन’ म्हणाले. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसे होती आणि त्यांतली निम्मी तरी मला ओळखणारी होती. त्या पोरांपैकी तिघांना मी चौथीत शिकवले होते. त्यांची नावे मला पाठ होती, त्यांच्या आयांची नावे पाठ होती, आणि मी नुसती नावाने हाक मारली असती तरी ती पोरे गाडीवरून खाली उतरली असती. मी तसे केले नाही. मी पाहुणीचा हात धरला, ‘चल बेटा, ध्यान मत दे’ असे म्हटले आणि तिला ओढत भराभर बाजाराबाहेर घेऊन आले.

घरी आल्यावर मी चहा केला आणि करंज्यांचे सारण काढले, जणू काही झालेच नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, ‘‘आई, गप्प राहायला तू तिला सांगितलंस. त्यांना नाही सांगितलंस.’’ या वाक्यावर मला उत्तर सापडले नाही. मी उठून पाहुणीकडे गेले आणि तिची क्षमा मागता मागता मला रडू आले. तेव्हा काय झाले असेल? ती मुलगीच माझ्या पाठीवरून हात फिरवत मला समजावू लागली, ‘‘आंटी, रोइए मत, हमको आदत हो गई है.’’ म्हणजे दिवसा अपमान तिने सोसला, आणि रात्री तो अपमान पाहणाऱ्या बाईचे सांत्वनही तिनेच केले. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या अश्रूंचे ओझेही मी तिच्याच खांद्यावर टाकले होते, ही गोष्ट मला बाजारातल्या प्रसंगाइतकीच लागली.

मी गप्प का राहिले, याचा तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला आहे. मला भीती नव्हती. त्या पोरांनी मला काही केले नसते. बाजारात तमाशा नको, पाहुण्या मुलीभोवती आणखी गर्दी जमायला नको, असे कारण मी स्वतःला त्या वेळी दिले होते, आणि त्यात थोडे तथ्यही असेल. पण त्याखाली दुसरे एक कारण होते, आणि ते सांगताना मला लाज वाटते. ती मुलगी ज्या दिवशी बसमधून उतरली, त्या दिवशी तिचा चेहरा पाहून माझ्याही मनात पहिला शब्द तोच आला होता, जो पोरांच्या तोंडून निघाला. मी तो उच्चारला नाही, मी तिला प्रेमाने घरात घेतले, पण तो शब्द माझ्या मनात आधीपासून होता. म्हणून पोरे ओरडली तेव्हा मला धक्का बसला तो त्यांच्या उद्धटपणाचा. शब्द मात्र मला ओळखीचाच होता, आणि ओळखीच्या गोष्टीचा प्रतिकार करायला हात लवकर उठत नाही.

असे शब्द किती दूर जातात, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगर बाजारात अरुणाचलचाच निडो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानाशी थांबला, त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून टोमणे मारले गेले, त्याने विरोध केला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली, आणि ईशान्येकडील लोकांवर वंशावरून होणाऱ्या अपमानाविरुद्ध वेगळी कायदेशीर तरतूद असावी, असे त्या समितीने त्याच वर्षी सुचवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र पोटकलम आले आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु माणूस मेल्यावर लागणारे कलम फुटाण्याच्या दुकानासमोर कामाला येत नाही. तिथे जी माणसे उभी असतात, त्यांच्याच हातात काय ते असते. २०२० साली साथीच्या पहिल्या दिवसांत ईशान्येकडच्या मुलामुलींना देशभर ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले. साथ गेली, पण तो शब्द आमच्या बाजारापर्यंत येऊन टिकला.

दिवाळीनंतर मी त्या तीन माजी विद्यार्थ्यांना गाठले. एकाने मला दुरून पाहूनच गाडी वळवली. दुसरा म्हणाला, ‘‘म्याडम, मजाक होती ना, मनावर काहून घेता?’’ तिसरा मात्र मान खाली घालून उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘‘ते आपल्या देशातली होती काय?’’ मी शिक्षिकाच असल्यामुळे मला लगेच नकाशा आठवला, आणि देशात सूर्य सर्वांत आधी जिथे उगवतो तो तिचा मुलूख, हे मी त्याला सांगितले. तो वरमला. घरी परत येताना मात्र माझे मलाच ते उत्तर खुपू लागले. ती आपल्या देशातली नसती, तर ते बोलणे चालले असते काय? २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना जमावाने मारले, आणि त्याआधी त्यांच्याविषयी जे पसरवले गेले होते ते माणसे खातात इथपर्यंतचे होते. ते विद्यार्थी या देशाचे नागरिक नव्हते, पाहुणे होते. ‘ती आपलीच आहे’ एवढ्या आधारावर मी त्या पोराला गप्प केले, म्हणजे जी आपली नाही तिच्यासाठी मी वाट मोकळी ठेवली. पुढच्या बाजाराला मी त्याला पुन्हा भेटून हे बोलले. त्याला किती कळले ते मी सांगू शकत नाही, पण तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

रंगाविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण ते प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक घराला ते माहीत आहे. माझी हीच मुलगी लहानपणी सावळी म्हणून आमच्या घरातल्या मोठ्या बायकांनी तिला साय आणि हळद चोळली आणि मी चोळू दिली. ‘रंग दबला आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य मुली पाहायला जाताना मी स्वतः उच्चारलेले आहे. गोरेपणा विकणाऱ्या ज्या मलमाची जाहिरात पाहत आमची पिढी मोठी झाली, त्याच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द कंपनीने २०२० साली बदलून ‘ग्लो’ केला, आणि तो बदल अमेरिकेत काळ्या माणसांसाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर झाला. तिकडच्या रस्त्यावरचा आवाज आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या डबीपर्यंत पोचू शकतो, तर आमचा आवाज शेजारच्या ओसरीपर्यंत का पोचू नये?

परंतु हे पत्र लिहायला मला ज्याने भाग पाडले, तो प्रसंग याहून जुना आहे. मुलीचे वाक्य ऐकल्यावर त्या रात्री मला आठवला तो एक मुलगा. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे गावाबाहेरच्या फासेपारध्यांच्या बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एक मुलगा येऊ लागला होता. वय आठ-नऊ असेल. त्याच्या बेड्यातून शाळेत येणारा तो एकटाच होता. तो पाढे म्हणताना डोळे मिटून घेत असे आणि आकड्यांत कधी चुकत नसे. एके दिवशी सहलीसाठी गोळा केलेले पैसे टेबलाच्या खणात सापडेनात. वर्गाची झडती घ्यायचे ठरले आणि झडती त्याच्यापासून सुरू झाली. त्याची पिशवी जमिनीवर रिकामी केली. त्यात एक फुटकी पाटी, एक भाकरीचा तुकडा आणि पक्ष्यांची काही पिसे होती. मग त्याला सदरा काढायला लावला. पैसे सापडले नाहीत, तेव्हा ‘बापाजवळ नेऊन देल्ले असतील’ असे कोणीतरी म्हणाले. बाकीच्या मुलांच्या पिशव्या कोणी उघडल्याच नाहीत.

मधल्या सुट्टीत तो मुलगा पूर्ण वेळ माझ्याजवळ बसलेला होता, हे मला माहीत होते. मी त्याला हातच्याची वजाबाकी दाखवत होते. ‘तो माझ्याजवळ होता’ हे तीन शब्द मी म्हटले असते, तर झडती तिथेच थांबली असती. मी नोकरीत नवी होते, माझ्याहून मोठी माणसे झडती घेत होती, आणि आपण मध्ये बोलून त्यांचा अवमान कशाला करायचा, असे मला वाटले. दोन दिवसांनी ते पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यामागे सापडले. सगळे ‘चला, बरे झाले’ म्हणाले. त्या मुलाला बोलावून आणायला कोणी गेले नाही, मीही गेले नाही. तो पुन्हा शाळेत आला नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो बेडा तिथून उठला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी महिनाभर ‘गै’ लिहीत राहिले आणि नंतर नावावर रेघ मारली. ती रेघ मी माझ्या हाताने मारली आहे.

एखादी जमात जन्मानेच चोर असते, गुन्हा रक्तातून उतरतो, हा विचार आमच्या गावात आपोआप उगवलेला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने त्याचा कायदा केला, पुढे तो वाढवत नेला, आणि पारध्यांसारख्या कितीतरी जमातींच्या माणसांना पोलिसांच्या नोंदवहीत जन्मतः गुन्हेगार म्हणून बसवले. युरोपात त्या काळी माणसांचे वंश पाडून कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरवण्याची जी विद्या बोकाळली होती, तिचीच ही इकडची शाखा होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठला. पण आमच्या शाळेत त्यानंतर चाळीस वर्षांनी झडती घेणाऱ्यांना त्याची कलमे पाठ असल्यासारखी ती झडती झाली. म्हणून ‘आपल्याकडे जात आहे, वंशद्वेष नाही’ असे कोणी म्हणते तेव्हा मला त्या मुलाची उघडी पाठ दिसते. तिला हा फरक कळला नसता. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखातले साम्य सांगितले होते. ज्यांनी ते सोसले त्यांना हे नाते कधीच कळले होते, आम्ही बघणाऱ्यांनी ते समजून घ्यायला उशीर केला.

आणि बघणाऱ्यांनी करायचे तरी काय, याचे उत्तर आपल्याच भाषेत दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या इच्छेने. हे मी पूर्वी वाचले होते, पण त्याचा अर्थ मला आता लागतो आहे. सातासमुद्रापलीकडे ज्यांनी दुसऱ्याच्या बेड्या तोडण्यासाठी स्वतःचे सुख सोडले, अशा परक्या माणसांचे आभार एका मराठी माणसाने आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मानले. त्यांना गुलामांविषयी वाईट वाटले, म्हणून ते आभार नव्हते. वाईट तर मलाही वाटले होते, त्या शाळेतही आणि त्या बाजारातही.

महाडला लढा बाबासाहेबांचा आणि तळ्याकडे चालत गेलेल्या हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुषांचा होता. त्यांच्यासोबत सुरेंद्रनाथ टिपणीस होते, जे महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते; अनंतराव चित्रे होते; आणि जन्माने ब्राह्मण असलेले गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला. या माणसांनी पुढारपण मागितले नाही. ज्याच्याजवळ जी जागा होती, ती त्याने लढ्याच्या कामी लावली. आपल्या विदर्भातही हे घडलेले आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी झालेल्या लढ्यात पंजाबराव देशमुख उभे राहिले आणि पुढे जिल्हा कौन्सिलच्या खुर्चीवर बसून त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. वर्ध्याला १९२८ साली जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराची दारे उघडली. खुर्ची त्यांची होती, देऊळ त्यांचे होते, म्हणून ते त्यांना करता आले. माझ्याजवळ बाजारात तीन पोरांची नावे होती आणि शाळेत तीन शब्द होते. तेही मला वापरता आले नाहीत.

याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली, आणि गाव तिथेच होते. ती बातमी आली तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणाले, ‘‘कुठं आपल्या गावचं हाय?’’ आणि बोलणे दुसऱ्या विषयावर गेले. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २५ मे २०२० रोजी एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून त्यांना मारले, त्या वेळी रस्त्यावरून जाणारी साधी माणसे ‘त्याला सोडा’ म्हणून ओरडत राहिली आणि एका सतरा वर्षांच्या मुलीने तो सगळा प्रकार मोबाइलवर टिपला. तिच्या त्या चित्रफितीने पुढे न्यायालयात मोठे काम केले. त्या अधिकाऱ्याचे तीन सहकारी तिथे हजर होते. २०२२ च्या फेब्रुवारीत ते तिघेही दोषी ठरले, आणि त्यांतल्या दोघांवरचा एक आरोप असा होता की डोळ्यांदेखत चाललेले त्यांनी थांबवले नाही. गप्प उभे राहणे हाही अपराध ठरू शकतो, हे वाचून मी ते वृत्त बाजूला ठेवले होते. आता ते पुन्हा काढून वाचले.

कोणाच्या बाजूने उभे राहणे हे धिटाईचे काम आहे, एवढेच मी समजत होते. त्यात शिकण्यासारखे आणखीही आहे, हे मला जानेवारीत कोलाम या आदिवासी जमातीतल्या एका आजीने शिकवले. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, तालुक्याच्या गावी जाणाऱ्या काळीपिवळीत ती आजी आपले गाठोडे घेऊन मधल्या सीटवर बसली होती. एक ओळखीचे व्यापारी आले तसे चालकाने तिला ‘ए बुढे, मांगं सरक’ म्हणून हुकूम केला. या वेळी मी गप्प बसले नाही. ‘‘त्या आधी बसल्या आहेत, त्या तिथेच बसतील’’ असे मी मोठ्याने म्हटले. मागून एका शेतकऱ्यानेही ‘बराबर हाय बाईचं’ म्हणून साथ दिली, आणि व्यापारी निमूटपणे मागे बसले. माझे मन भरून आले होते. परंतु उतरल्यावर ती आजी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाई, तुमी आज बोलल्या. उद्या मले याच्याच गाडीत या लागते.’’

तिचे खरे होते. मी बोलून मोकळी झाले, त्याची किंमत मोजायची होती तिला. मी त्या चालकाचा राग तिच्यावर ठेवून घरी जाणार होते. म्हणून त्या दिवशी मी परतीलाही तीच गाडी धरली, तिच्या शेजारी बसले, आणि तिला काय हवे ते विचारले. तिला भांडण नको होते. ‘नावानं हाक मारावं, बुढी म्हनू नये’ एवढेच तिचे म्हणणे होते. ते मी चालकाला एकटे गाठून सांगितले. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मी त्या वेळेला त्याच गाडीने जाते; काम नसले तरी जाते. चालक आता तिला मावशी म्हणतो. मनातून म्हणतो की माझ्या धाकाने, हे मला सांगता येणार नाही, आणि मी नसते त्या दिवशी काय होते तेही मी आजीला विचारत असते.

संपादक महोदय, हे सगळे आपल्याला लिहिण्यामागे माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या रविवारच्या अंकात येणाऱ्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’, ‘गौरवर्णीय’ हे शब्द घेणे आपण बंद करावे. जाहिरातदार नाराज होतील आणि त्यात आपले थोडे नुकसानही होईल, याची मला जाणीव आहे. दुसरे म्हणजे, चोरीच्या बातम्यांच्या मथळ्यांत ‘पारधी टोळी’ असा शब्दप्रयोग आपण टाळावा. इतर जातींचा माणूस पकडला जातो तेव्हा मथळ्यात त्याचे नाव आणि गाव असते, त्याची जात नसते. तोच नियम सर्वांना लावावा. ज्या मुलाच्या नावावर मी रेघ मारली तो आज चाळिशीला आला असेल, त्याची मुले कुठल्या तरी शाळेत जात असतील, आणि तो मथळा त्या वर्गातल्या कोणीतरी सकाळी वाचलेला असेल.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी ते माझ्या मुलीच्या मैत्रिणीला दूरध्वनीवरून हिंदीत सांगितले आणि लिहू का, असे विचारले. तिने होकार दिला, दोन अटी घातल्या. तिचे नाव आणि तिचे महाविद्यालय लिहायचे नाही, आणि तिला कुठेही ‘बिचारी’ म्हणायचे नाही. येत्या मे महिन्यात ती पुन्हा आमच्याकडे येणार आहे. तिला बाजारात नेऊ की नको, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘जाएँगे ना आंटी, फुटाने लेने हैं.’’ त्या दिवशी मी तिच्यासोबत फुटाण्याच्या त्याच दुकानावर जाणार आहे. माझ्या वरील दोन मागण्यांबाबत आपला निर्णय जो असेल तो आपल्या अंकातून वाचकांना कळवावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. केळापूर, जि. यवतमाळ